असू दे, लागेल!

आमचे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू) सहकुटुंब प्रवासाला निघाले, की सातारा स्टेशनावरचे हमाल एकमेकांकडे पाहून हसत. त्या हसण्यात थट्टा नसे. चार पैसे मिळण्याची खात्री असे. आमचे स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या बाजूला. तिथवर आमची स्वारी दोन रिक्षांतून जाई. एकीत माणसे, दुसरीत सामान. खाकी कॅनव्हासचा होल्डॉल, त्याच्या पोटात एक गादी, तीन चादरी, चार उशा आणि दोन्ही टोकांच्या कप्प्यांत चपला. काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात अण्णांचे नाव. वेताची करंडी, तिच्यात वातीचा स्टोव्ह, काकडा आणि रॉकेलची बाटली. लाडवांचा डबा, चिवड्याचा डबा, फिरकीचा तांब्या. मे महिना असला तरी दोन छत्र्या. आणि सर्वांत शेवटी, फडक्यात बांधलेला लोखंडी खलबत्ता.

"अहो, खलबत्ता कशाला?" आई दरवेळी विचारी.

"असू दे, लागेल," अण्णा दरवेळी म्हणत.

एवढा सगळा संसार पाठीशी घेऊन आम्ही निघालेले असू कुठे? काशीला? रामेश्वरला? छे! मिरजेला, सख्ख्या मावशीकडे! तिच्या घरी गाद्या होत्या, उशा होत्या, स्टोव्ह होता आणि खलबत्ता तर दोन होते.

वाचकांपैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. 'असू दे, लागेल' हा आम्हा मराठी मध्यमवर्गीयांचा प्रवासातला मूलमंत्रच होता. आता होल्डॉल गेला, ट्रंक माळ्यावर चढली आणि त्यांच्या जागी चाकांच्या बॅगा आल्या. परंतु मंत्र तोच राहिला. उलट चाके आल्यापासून तो अधिकच चेकाळला. वजन आपण उचलत नाही, ते आपोआप आपल्यामागून येते, असे एकदा वाटू लागले की माणूस काय काय भरील याला सुमार नाही. मात्र एस.टी.ची पायरी आली, पुलाचा जिना आला किंवा देवळाच्या गल्लीतली फरसबंदी आली, की ती चाके संप पुकारतात आणि मग चाकांसकट ती बॅग डोक्यावर घ्यावी लागते.

मी मराठी शिकवतो. वाङ्मयाच्या तासाला अपरिग्रहावर मी तासभर बोलू शकतो. पण वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत माझ्या स्वतःच्या बॅगेत शब्दकोश असे. प्रवासात कुणाचे अडत नाही असा शब्दकोश! मंत्र आमच्या रक्तातच उतरला होता. त्यात माझे सासर सांगलीचे. सांगलीहून परत निघताना सासूबाई हळद, बेदाणे, भडंग, लोणच्याची बरणी आणि "वाटेत भूक लागली तर" म्हणून पाच माणसांचा दहीभात देत. आम्ही माणसे दोन. "आई, एवढं कशाला?" असे मी विचारले, की उत्तर ठरलेले. म्हणजे हा मंत्र केवळ साताऱ्याचा नव्हता. कृष्णेच्या काठाकाठाने तो सांगलीपर्यंत पोचलेला होता.

माझे डोळे उघडले ते वासोट्याच्या वाटेवर. आमच्या कॉलेजातले एक तरुण सहकारी दर हिवाळ्यात मुलांना गडावर नेतात. एका वर्षी त्यांनी मलाही ओढले. बामणोलीहून होडीने शिवसागर ओलांडायचा आणि पलीकडच्या दाट रानातून गड चढायचा, असा बेत. माझ्या पाठीवर उसनी आणलेली भली मोठी सॅक. चढ सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोच माझ्या छातीचा भाता झाला. सहकाऱ्याने मला एका दगडावर बसवले, सॅक उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. दोन स्वेटर. दोन बॅटऱ्या. जीनची जादा विजार. दाढीचे संपूर्ण साहित्य. जाडजूड टर्किश टॉवेल. आणि अर्थात शब्दकोश.

"सर, हे कशाला?"

मी तोंड उघडले आणि माझ्या तोंडून अण्णा बोलले, "असू दे, लागेल."

मुले इतकी हसली की रानातली वानरे दचकली असावीत.

परत आल्यावर त्या सहकाऱ्याने मला दोन गोष्टी करायला लावल्या. त्या मी वाचकांनाही सुचवतो, कारण त्यांना पैसा लागत नाही. पहिली ही, की भरलेली सॅक रद्दीवाल्याकडे नेऊन काट्याला लावायची. माझी भरली अकरा किलो चारशे. रद्दीवाला म्हणाला, "सर, पेपरचा भाव देऊ का पुस्तकांचा?" दुसरी गोष्ट, प्रवासातून आल्यावर ज्या वस्तूंना हातही लागला नाही, त्यांची यादी करायची. माझ्या एकतीस वस्तूंपैकी एकोणीस तशाच परतल्या होत्या. म्हणजे मी गडावर चढलो तो एकोणीस वस्तूंना गड दाखवायला!

मग मी या विषयाचा प्राध्यापकी पद्धतीने अभ्यास केला. किती वजन असावे? आपल्या रेल्वेने याबाबत मोठे औदार्य दाखवले आहे. साध्या दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पस्तीस किलो आणि शयनयानात चाळीस किलो सामान विनामूल्य नेता येते. अण्णा या नियमाचा पुरेपूर मान राखीत. विमानवाले मात्र साध्या वर्गात हातातल्या सामानाला बहुधा सात किलोंवर हात आखडतात. आणि मुलांच्या दप्तरांविषयी २०२० साली जे केंद्रीय धोरण जाहीर झाले, त्यात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे असे सांगितले आहे. मी म्हटले, आपणही विद्यार्थीच! माझे वजन अडुसष्ट किलो; म्हणजे सॅक फार तर पावणेसात किलो. विमानवाले आणि शाळावाले माझ्या पाठीवर असे एकत्र आले.

हे वजन गाठायचे कसे? युक्ती फार जुनी आहे आणि ती आपल्या आजोबांना ठाऊक होती. एक जोड अंगावर, एक दोरीवर, एक पिशवीत. बस! पाच दिवसांचा प्रवास असो की पंधरा दिवसांचा, तीन जोडांहून अधिक कपडे लागत नाहीत. अट एवढीच, की रोज रात्री स्वतःचा कपडा स्वतः धुवायचा. त्यासाठी कपडाही निवडून घ्यावा. जीनची विजार कोरडी असताना पाऊण किलो भरते आणि ओली झाली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रुसून बसते. टेरिकॉट रातोरात वाळते. टर्किश टॉवेलाच्या जागी आपला साधा पंचा घ्यावा. तो अंग पुसतो, उन्हात डोक्याला बांधता येतो, पिळून ठेवला की तासा-दोन तासांत वाळतो, घडी केली तर खिशात मावतो. इतकी गुणी वस्तू घरात असताना आपण टॉवेल का नेतो, हे मला अजून उमगलेले नाही. कपड्यांच्या घड्या न घालता त्यांच्या वळकट्या कराव्यात; जागा कमी लागते आणि तळाचा सदरा हवा असला तर सगळा ढीग उपसावा लागत नाही. जड वस्तू पाठीलगत आणि खांद्यांच्या जरा खाली ठेवावी. तळाला हलके कपडे, आणि घडीघडी लागणारे वरच्या कप्प्यात. कमरेचा पट्टा असेल तर तो आवळून बांधावा. तो शोभेचा नाही. खांद्यावरचा बराच भार तो कमरेवर घेतो. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बायकांना चुंबळीचे महत्त्व जसे ठाऊक असते, तसे सॅकवाल्याला या पट्ट्याचे ठाऊक असावे.

पुढच्या खेपेला रद्दीवाल्याचा काटा पाच किलो आठशेवर थांबला. मला झालेला आनंद काय वर्णावा! नव्याने माळ घातलेला माणूस जसा भेटेल त्याला माळ घालायला सांगतो, तसा मी भेटेल त्याला सॅकविषयी सांगू लागलो. घरातही मी फतवा काढला: यापुढे माणशी एक सॅक, जी त्याची त्याने उचलायची. सौ.ने कपाळाला हात लावला, मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच सुमारास आषाढात लोणंदला जाण्याचा योग आला. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते. नीरेत पादुकांना स्नान होते, मग लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पालखी पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते. एका विद्यार्थ्याच्या घरी दिंडीतली पन्नास-साठ माणसे जेवायला होती. ओसरीवर एक मराठवाड्याकडची म्हातारी बसली होती. जवळ खांद्याला अडकवायची एक कापडी पिशवी. तिच्यात टाळ, तांब्या, बुक्क्याची डबी आणि पावसात डोक्यावर घ्यायचा प्लॅस्टिकचा कागद. माझ्यातला प्रचारक जागा झाला. मी म्हटले, "आजी, प्रवास कसा करावा हे तुमच्याकडून शिकावं!"

म्हातारी खो खो हसली. "अरं लेकरा, माझं गाठुडं दिंडीच्या ट्रकात हाय की! वाकळ हाय, लुगडी हायती, समदं हाय."

माझा चेहरा पडला. तरी मी चिवटपणे विचारले, "आणि ट्रक मागं राहिला तर?"

"राहतो की कवा कवा. मग काय, माउली हाय, लोक हायती." एवढे बोलून तिने आतून आलेली भाकरी पुढे ओढली.

कराडच्या कॉलेजाला ज्यांचे नाव दिले आहे, ते गाडगेबाबा एक फुटके मडके आणि खराटा एवढ्यावर गावोगाव फिरले. त्यांची थोरवी मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. परंतु त्या मडक्यात भाकरी घालणारे कुणी असावे लागते, ही गोष्ट माझ्या सांगण्यातून नेहमी निसटत असे. म्हातारीच्या बोलण्याकडेही मी त्या दिवशी कौतुकापलीकडे लक्ष दिले नाही.

आता जरा अवघड भागाकडे येतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. त्या पुलाजवळची पाण्याची पातळी पाहून सांगलीकर पावसाळा मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीस फुटांना धोका. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. माझ्या सासूबाई गावभागात राहतात, जुन्या वाड्यात, तेव्हा तळमजल्यावर. सासरे चार वर्षांपूर्वीच वारले होते. पाणी रस्त्याला लागले तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज शांत होता.

"जावईबापू, शेजारचे म्हणतात आता निघायला हवं. काय काय घेऊ?"

हा तर माझा विषय! मी एका दमात सांगितले, "कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. गोळ्या, चष्मा, बॅटरी, दोन साड्या. नातीची जुनी सॅक आहे ना तिथे, तीत भरा. बाकी काही नको."

"आणि पत्रांचा डबा?"

त्या डब्याविषयी सांगायला हवे. लग्नानंतरची पहिली सात वर्षे सासरे नोकरीसाठी चंद्रपूर-भंडाऱ्याकडे होते आणि सासूबाई सांगलीत, सासरच्या माणसांत. तेव्हाची त्यांची पत्रे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती. डबा दोन-अडीच किलोंचा असेल.

"आई, पत्रं कशाला आता? वजन होईल," मी म्हणालो.

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, "बरं."

होडीवाल्या मुलांनीही माणशी एकच पिशवी घेऊ दिली. त्यांचे बरोबरच होते. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. तेव्हा माझा सल्ला चुकला, असे कुणीही म्हणणार नाही. पण सासूबाईंनी त्यातला एक शब्द मोडला होता. विश्रामबागेत सौ.च्या चुलतबहिणीकडे पोचल्यावर त्यांनी सॅक उघडली, तर गोळ्यांच्या शेजारी घट्ट झाकणाची पावशेरी डबी निघाली. तिच्यात विरजण होते! तीस वर्षांत त्यांच्या घरातले विरजण एकदाही तुटले नव्हते. "ही डबी हलकी होती," त्या म्हणाल्या. त्या रात्री त्या परक्या स्वयंपाकघरात त्यांनी दही लावले.

आठवड्याभराने पाणी उतरले, तेव्हा आम्ही साताऱ्याहून गेलो. पुराचा चिखल ज्यांनी पाहिला नाही, त्यांना तो सांगता येणार नाही. तो कपाटात असतो, गादीत असतो, बंद कुलपाच्या आतही असतो. चाळीस वर्षांच्या साड्या, सासऱ्यांची पुस्तके, लाकडी पलंग, सगळे एकाच रंगाचे झाले होते. बिस्किटांचा डबा सापडला. झाकण गंजून बसले होते, ते मी उचकटले. आत निळसर लगदा होता. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी काढला, थोडा वेळ पाहिला आणि दाराबाहेरच्या ढिगावर नेऊन ठेवला. मला त्या काहीही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढचे तीन महिने त्या दुसऱ्यांच्या घरी राहिल्या. अंगावर दुसऱ्यांनी दिलेली साडी, ताटात दुसऱ्यांनी वाढलेला भात. कुठून कुठून माणसे आली: कुणी चादरी वाटल्या, कुणी नुसताच चिखल उपसून गेले, नावही सांगितले नाही. मग त्या वाड्यातच वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, तेव्हा त्यांची सॅक दाराशी भरलेली होती.

मी मात्र सॅकविषयी बोलणे सोडून दिले होते. आपण होऊन हलके होणे वेगळे आणि नदीने हलके करणे वेगळे, एवढे मला कळले होते. 'बाकी काही नको' हे वाक्य ज्याने त्याने स्वतःपुरते म्हणावे. दुसऱ्यासाठी ते आपण म्हणू नये.

आणि मग २०२३ च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सासूबाईंनीच विषय काढला. वय वर्षे एकाहत्तर. म्हणाल्या, "जावईबापू, मला बदामीची लेणी बघायची आहेत. यांनी तीनदा ठरवलं नि तीनदा राहिलं. सुट्टी आहे ना तुमची? माझी सॅक मी भरते."

मी चाचरत म्हटले, "आई, आपण गाडी करू या. सामान हवं तेवढं घ्या."

"कशाला? एस.टी.नं जाऊ, रेल्वेनं जाऊ. माणशी एक सॅक, तुमचाच नियम." मग त्या जरा थांबल्या. "माझा एक नियम वाढवा त्यात. प्रत्येकानं एक बिनकामाची वस्तू घ्यायची. तिचं वजन धरायचं नाही, आणि ती कशाला घेतली हे कुणी विचारायचं नाही."

त्या रात्री सांगलीच्या वाड्यात पाच सॅका भरल्या गेल्या. तीन जोड, पंचा, साबणाची वडी, दोन हात सुतळी, गोळ्या, ताकदीची पुडी म्हणून साखर-मिठाची पाकिटे, आधार कार्ड. चिरंजीवांनी बिनकामाचा म्हणून भोवरा घेतला. कन्येने चित्रांची वही. सौ.ने आबोली रंगाची रेशमी साडी, मी "लेण्यांत रेशमी साडी?" असे म्हणणार होतो, पण नियम आठवला. मी शब्दकोश घेतला. सासूबाईंनी काय घेतले ते दिसले नाही. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात वजने केली. त्यांची सॅक चार किलो दोनशे, सगळ्यांत कमी. वर निम्मी रिकामी. "आई, अजून जागा आहे," मी म्हणालो. "असू दे, लागेल," त्या म्हणाल्या.

सांगलीहून जतमार्गे विजापूर. आता त्याला विजयपुरा म्हणतात. ज्यांनी चाकांच्या बॅगा घेऊन गोलघुमट पाहिला असेल, त्यांनी तो खालूनच पाहिला असेल. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमाराची. घुमटाच्या आत जी प्रसिद्ध सज्जाची फेरी आहे, ती जमिनीपासून शंभर फुटांहून उंच, आणि तिथे जायचे ते कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद, उंच पायऱ्यांनी. सासूबाई दर मजल्यावर बसत बसत चढल्या. वर भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले, की समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येते. कन्या पलीकडे जाऊन उभी राहिली. आजीने भिंतीशी काहीतरी सांगितले. काय सांगितले ते दोघींनीही आम्हाला कळू दिले नाही.

तिथून रेल्वेने बदामी. स्टेशन गावापासून लांब. माहुलीची आठवण झाली, पण हमालाची गरज पडली नाही. तांबड्या कड्यात खोदलेली चार लेणी, खाली अगस्त्य तलावाचे हिरवे पाणी. तिसरे लेणे सर्वांत मोठे आणि त्यात शके ५००, म्हणजे इ.स. ५७८ चा लेख आहे. पायऱ्यांवर माकडांचे राज्य. हातात पिशवी दिसली, की ती त्यांची! आमच्यापुढे एका कुटुंबाच्या खाऊची पिशवी क्षणात कड्यावर गेली. पाठीला आवळलेल्या सॅकांकडे माकडांनी तुच्छतेने पाहिले. हा फायदा माझ्या अभ्यासात आलेला नव्हता.

सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. दुसऱ्या रात्री चिरंजीवांना ताप भरला. गोळी होती, पण थंडी वाजू लागली आणि पांघरूण तुटपुंजे. अण्णांचा होल्डॉल मला तेव्हा फार आठवला. सासूबाई मात्र उठल्या, खाली गेल्या, आणि त्यांना येते ते मराठी व लॉजच्या मालकीणबाईंना येते ते कानडी, यांच्या कुठल्याशा संगमावर बोलून एक जाड घोंगडे आणि आल्याचा कढत काढा घेऊन आल्या.

"तुम्ही मागितलंत तरी कसं?" मी विचारले.

"मागायला काय लागतं? घरात आजारी पोर आहे म्हटलं. पुरात शिकले मी हे. आधी मला मागता येत नसे, म्हणून मी एवढालं सामान न्यायची."

रात्री दोनच्या सुमाराला ताप उतरला, तरी मी जागाच होतो. लोणंदची म्हातारी आठवत होती. अण्णांचा खलबत्ताही आठवत होता. मावशीकडे खलबत्ता आहे हे अण्णांना ठाऊक नव्हते का? होते. फक्त तो मागावा लागू नये, एवढीच त्यांची धडपड होती. आपल्या सामानाचे निम्मे वजन बहुधा या न मागण्याचेच असते.

सकाळी मुलगा भोवरा घेऊन अंगणात उतरला आणि मालकीणबाईंच्या नातवाशी त्याची गट्टी जमली. सौ. रेशमी साडी नेसून तलावाच्या काठी भूतनाथाच्या देवळात गेली, आणि मी शब्दकोशात काही पाहिले नाही. सासूबाईंनी सॅकमधून आपली बिनकामाची वस्तू काढून पायरीवर ठेवली. पितळी अडकित्ता होता. सासऱ्यांचा. पुराच्या चिखलातून जे थोडे वाचले, त्यात तो होता. पितळेला पाणी फारसे काही करत नाही. त्या स्वतः सुपारी खात नाहीत. त्यांनी अडकित्ता उघडला, मिटला, पदराने पुसला आणि पुन्हा ठेवून दिला. नियमाप्रमाणे कुणी काही विचारले नाही.

थोड्या वेळाने मीच म्हणालो, "आई, तो पत्रांचा डबा... मी तेव्हा असं सांगायला नको होतं."

त्या तलावाकडे पाहत होत्या. "तुम्ही बरोबरच सांगितलंत. होडीत कुठे ठेवला असता तो? पण त्यातलं एक पत्र मला काढून घेता आलं असतं. तेवढं सुचलं नाही." मग माझ्याकडे वळून, "म्हणून तर तो नियम केला."

आमच्या विषयाच्या तासाला मी दरवर्षी विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'विषयी बोलतो. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला, बंडाच्या धामधुमीत सापडला, पुन्हा पुन्हा लुटला गेला. परत आला तो धनाची थैली नव्हे, गंगेची कावड खांद्यावर घेऊन. इतक्या लांबून, इतके पाणी! माझ्या हिशेबाने बिनकामाचे वजन. यंदा मात्र मुलांना ते सांगताना मी हिशेब केला नाही.

परतताना स्टेशनाजवळच्या दुकानात सासूबाईंनी करदंट घेतले. डिंक, गूळ नि सुक्या मेव्याची ही तिकडची मिठाई अर्धा-अर्धा किलोच्या पुड्यांत मिळते. विश्रामबागेतली चुलतबहीण, होडी आणणारी दोन पोरे, साडी देणारी शेजारीण, चिखल उपसायला आलेल्यांपैकी नंतर ओळख पटलेला एक रिक्षावाला... अशी त्या बोटांवर मोजत गेल्या आणि सॅकमधली रिकामी जागा भरत गेली.

सांगलीला उतरल्यावर मुलांनी हट्टाने पुन्हा त्याच दुकानात नेऊन वजने केली. आमच्या चौघांच्या सॅका गेल्या तशाच परतल्या होत्या. सासूबाईंची आठ किलो सातशे! नियमाप्रमाणे त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून कितीतरी जास्त.

"आजी, तुझी सॅक नियमात बसत नाही," नात म्हणाली.

"बसू दे ना बसली तर," त्या म्हणाल्या. "यातलं माझं काय आहे? चार किलो दोनशेच तर आहे."

आणि सॅक त्यांनी कुणाला उचलू दिली नाही.